पेजेतल्या मिठाचं काम

पेणच्या पोह्यांची चिमूट कोरडीच तोंडात टाका आणि गिळायची घाई न करता चावत राहा. थोड्या वेळाने गोड लागू लागतं. लाळेतलं अमायलेज हे विकर पिष्टाच्या लांबच लांब साखळ्या तोडतं आणि माल्टोज नावाची साखर मोकळी होते. कच्चे तांदूळ चावले तर हा गोडवा एवढ्या लवकर येत नाही. पोह्यांसाठी भात आधी भिजवतात, तापल्या वाळूत भाजतात आणि गरम असतानाच चेपतात. दाण्यात घट्ट बसलेलं पिष्ट त्यात फुगून सैल होतं.

जठरातल्या आम्लात लाळेचं विकर फार टिकत नाही. पुढचं काम लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज करतं आणि शेवटचे तुकडे आतड्याच्या अस्तरावरच पडतात. माल्टोजचे दोन ग्लुकोज होतात, तर मोदकातल्या गुळाच्या सुक्रोजचा एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज.

खरी गंमत यापुढे आहे. अस्तरावरचं एसजीएलटी-१ हे वाहक प्रथिन ग्लुकोजला एकट्याने आत घेतच नाही. सोबत सोडियमचे दोन आयन लागतात. पेशी आतलं सोडियम सतत रक्ताकडे उपसत असते, म्हणून बाहेरचं सोडियम आत ओढलं जातं आणि त्याच ओढीने ग्लुकोजही शिरतो. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली मांडली. साखर आणि मीठ आत गेलं की त्यांच्यामागून पाणीही जातं.

कॉलऱ्यातही ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी, म्हणजेच जलसंजीवनी, पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. विसाव्या शतकातल्या वैद्यकाचं इतकं स्वस्त आणि इतकं मोठं यश मला दुसरं दिसत नाही.

पेणच्या खारेपाटात काय, रोह्याला कुंडलिकेकाठी काय, मुख्य पीक भाताचंच. पोट बिघडलं की मीठ घातलेली पेज द्यायची कोकणातली रीत या विज्ञानाला धरूनच आहे. पेजेतलं पिष्ट आतड्यात ग्लुकोज सोडत राहतं, शेजारी मिठाचं सोडियम असतंच. पुढे तांदळाच्या पिठाची जलसंजीवनीही तयार झाली. कॉलऱ्याच्या रुग्णांचे जुलाब तिने कमी होतात, असं दिसलं.

मात्र लहान मुलाला जुलाब लागले तर पेजेवर विसंबू नका. जलसंजीवनीचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवा, आणि चव यावी म्हणून वरून साखर घालू नका. जास्तीची साखर आतड्यात पडून राहिली की पाणी उलट शरीरातून आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात.