कानाचे दार एकच

एखाद्याला कोणी पत्र वाचून दाखवीत असावे आणि तेवढ्यात तिसऱ्याच गृहस्थाने, कोणी न विचारता, तारस्वरात भाषण सुरू करावे. म्हणजे पत्रही समजत नाही आणि भाषणही. संगणकावर वाचणाऱ्या अंध वाचकावर हा प्रसंग वारंवार ओढवतो.

अंध व्यक्ती संगणक वापरते ती ‘स्क्रीन रीडर’च्या आधाराने. पडद्यावरील मजकूर ही आज्ञावली बोलून दाखविते. ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली आरंभिलेली ‘एनव्हीडीए’ विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. मात्र तिचा आवाज येतो तो चित्रफितीचा आवाज येतो त्याच कर्ण्यातून. पान उघडताच चित्रफीत आपोआप गर्जू लागली, की वाचणारा आवाज तिच्यात बुडून जातो.

डोळस माणूस बंद करण्याचे बटण पाहतो आणि दाबतो. अंध माणसाला ते बटण शोधावयाचे असते ते ऐकूनच. आणि ऐकू येणे तर त्या चित्रफितीनेच अशक्य केलेले असते! कंट्रोल कळ दाबावी, तर गप्प होतो तो वाचक, चित्रफीत नव्हे. संगणकाचा आवाजच बंद करावा, तर दोन्ही मुके होतात. डोळस माणसाला जी केवळ कटकट, ती येथे बंद दाराची कडी ठरते.

याचा विचार जाणत्यांनी केलेला आहे. २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता-नियमांनुसार तीन सेकंदांहून अधिक काळ आपोआप वाजणारा ध्वनी थांबविण्याची, अथवा संगणकाच्या आवाजाला धक्का न लावता तेवढाच कमी करण्याची, सोय असावयास हवी; आणि ही अट अगदी प्राथमिक पातळीची मानली आहे. २०१७ साली ‘सफारी’ने व २०१८ साली ‘क्रोम’ने आपोआप वाजणाऱ्या चित्रफितींना आळा घातला. तथापि ज्या संकेतस्थळावर वाचक नेहमी चित्रफिती पाहतो, तेथे ‘क्रोम’ ही मोकळीक पुन्हा देतो. म्हणजे नित्याच्या वाचकालाच त्रास व्हावयाचा!

खरा उपाय संकेतस्थळ रचणाऱ्याच्याच हाती आहे. चित्रफीत मुकाट असावी, तिच्या बटणाला स्पष्ट नाव असावे आणि वाचकाने मागितल्यावरच तिने बोलावे. पाहुण्याने दार ठोठावून, ‘या’ म्हटल्यावर आत यावे, एवढाच हा शिष्टाचार आहे.