लकवा आला तर आधी मेंदूचा फोटो, मग औषध



आमचे खाते उसाचे. पण ऊस पिकवणारा माणूस धडधाकट राहिला तरच शेती, म्हणून या अंकात लकव्याविषयी थोडे लिहीत आहोत.

लकवा मुख्यत: दोन कारणांनी येतो. एकतर मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, नाहीतर ती फुटून रक्तस्राव होतो. ठिबकची नळी बुजली काय नि फुटली काय, पुढचा ऊस सुकतोच; बांधावरून फरक कळत नाही. तसेच इथे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, ही लक्षणे दोन्हींत सारखी. उपाय मात्र उलटे. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावात दिले तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच घरी ॲस्पिरीनची गोळीसुद्धा देऊ नये.

फरक सांगतो तो सीटी स्कॅन. क्ष-किरणांनी मेंदूचे आडवे काप दाखवणारे हे यंत्र १९७१ साली लंडनला प्रथम रुग्णावर वापरले गेले. तपासणीला काही मिनिटेच लागतात. ताजा रक्तस्राव पांढरा दिसतो. गुठळीच्या लकव्यात मात्र पहिल्या काही तासांत फोटो बहुधा चांगलाच दिसतो. म्हणून "फोटोत काही नाही, चला घरी" असे करू नये. रक्तस्राव नाही, हेच त्या वेळी डॉक्टरांना हवे असते.

एमआरआय चुंबकावर चालतो. रक्त न पोचलेला भाग तो फार लवकर दाखवतो, पण वेळ जास्त घेतो. अंगात पेसमेकर किंवा धातू असेल तर आधी सांगावे. शिरेतून औषध देऊन काढलेल्या सीटीत वाहिनी नेमकी कुठे तुंबली आणि मेंदूचा किती भाग अजून वाचण्यासारखा आहे, हे कळते.

गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जितके लवकर तितका गुण जास्त. मोठी वाहिनी तुंबली असल्यास नळी घालून गुठळी काढतात. फोटो पाहून निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंत करता येते.

इंजेक्शननंतर साधारण २४ तासांनी पुन्हा सीटी काढतात. रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर मग रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू करतात. रुग्णाला गुंगी वाढली तर मेंदूला सूज आली का, हे पाहायला लगेच फोटो काढतात. हा खर्च वाया नाही.

धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातून खाली यायलाच वेळ जातो. तेव्हा मालिश, झाडपाला, "सकाळी बघू" यात घटका घालवू नका. तोंडाने पाणी देऊ नका. १०८ ला फोन लावा. रुग्ण शेवटचा धड कधी होता ती वेळ कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. आणि रात्रंदिवस सीटी चालू असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे तोडणीची धांदल सुरू होण्याआधीच विचारून ठेवा.