पहाटे पाच, हाकोदातेचा बाजार

स्टेशनातून बाहेर पडून दोन मिनिटं चाललं की बाजार सुरू. पाचच वाजलेत, पण सूर्य वर येऊन तास होत आलाय. जपानच्या होक्काइदो बेटावर जुलैमध्ये उजाडतंच चारच्या सुमारास. अंगात पातळ स्वेटर लागतोय. शटर वर जातायत. थर्माकोलची खोकी धपाधप उतरतायत. कुणीतरी पाइपने फरशी धुतंय. मासळीबाजार असूनही नाकाला रुमाल लावावा लागत नाही. वास आहे तो खाऱ्या पाण्याचा आणि निखाऱ्यावर भाजणाऱ्या शिंपल्यांचा.

टाक्यांत खेकडे एकमेकांवर चढून बसलेत. दुकानदारीणबाई कात्रीने नांगी कापते, गराचा तुकडा पुढे करते. घ्यायचा, मान लववायची, पुढे सरकायचं. मध्येच एक दुकान चक्क खरबुजाच्या फोडी विकतंय. सुमारे अडीचशे दुकानं आहेत इथे. 1945 साली, युद्ध संपल्यावर, आसपासचे शेतकरी स्टेशनसमोर भाजी विकायला बसले, त्यातून हा बाजार उभा राहिला. त्यामुळे खरबुजाचा हक्क जुनाच.

आतल्या दालनात मात्र रांग आहे. मधोमध पाण्याचा हौद, त्यात म्हाकुळं. हातात आखूड गळ देतात, आपलं म्हाकूळ आपण धरायचं. भाव रोज बदलतो, फळ्यावर लिहिलेला असतो. पुढे पाच-सहा वर्षांचा मुलगा आहे, मागे त्याचे आजोबा. गळ अडकतो, म्हाकूळ वर येतं आणि पाण्याची पिचकारी थेट आजोबांच्या चष्म्यावर. रांग हसते. हौदावरचा माणूस शांतपणे म्हाकळाचं तोंड दुसरीकडे वळवतो; त्याचं रोजचंच आहे.

फळीवर ठेवलेलं म्हाकूळ आरपार दिसतं. अंगावर तपकिरी ठिपके फुलतात, मिटतात, पुन्हा फुलतात. सुरी फिरते. मिनिटभरात बारीक चिरलेल्या पट्ट्या बशीत, कडेला किसलेलं आलं आणि सोया सॉस. दाताखाली कुरकुरतं, मग हळूहळू गोडवा उतरतो. इतर बाजारांत मिळणारं मेलेलं, पांढरं पडलेलं म्हाकूळ खाऊन ही चव कळायची नाही.

हौदात आज म्हाकुळं मोजकीच आहेत. हाकोदाते हे म्हाकळाचं गाव, पण म्हाकूळच आटत चाललंय. 1968 साली जपानने या जातीचं साडेसहा लाख टनांहून जास्त म्हाकूळ पकडलं होतं. 2023 साली वीस हजार टनांच्या आसपास. पूर्व चीन समुद्रात, जिथे ती अंडी घालतात, तिथलं पाणी बदललं असं म्हणतात. परदेशी बोटींकडेही बोट दाखवलं जातं. मिळत नाही तेव्हा हौद रिकामाच राहतो.

सातपर्यंत खाणावळींसमोर गर्दी जमते. बाकड्यावर बसून वाट पाहायची. वाडग्यात गरम भात, वर सामनची गाबोळी, भिजलेल्या साबुदाण्याएवढी टपोरी, आणि 'उनी', म्हणजे समुद्री साळिंदराचा पिवळा गर. लाकडी पेटीतून दूर जाणारी उनी आकार टिकावा म्हणून तुरटीच्या पाण्यातून काढतात, आणि तो कडवटपणा जिभेवर राहतो. इथे मोसमात नुकतं कवच फोडून काढलेली मिळते. ती इथल्याच किनाऱ्यावरचं कोंबू शेवाळ खाऊन वाढते. घास जिभेवर विरघळतो. चावायचं काही उरतच नाही.

शेजारच्या टेबलावर भल्यामोठ्या ताराबा खेकड्याचे फोटो काढणं चाललंय. त्याच्या टाकीवरच्या पाटीवर मूळ ठिकाण लिहिलंय : रशिया. जपानमध्ये ताज्या मासळीवर ते लिहावंच लागतं. खेकडा चवीला उत्तमच, पण त्यासाठी हाकोदातेला यायची गरज नाही. इथे आलात तर पाटी वाचा. वाचता येत नसेल तर बोट दाखवून विचारा, सांगतात. म्हाकूळ, उनी आणि समोरच्या त्सुगारू सामुद्रधुनीतला टूना मागा. आणि सकाळीच या, दुपारी दोनपर्यंत बहुतेक दुकानं बंद होतात.