टोरांटोचे आगाखान संग्रहालय

टोरांटो शहराच्या मध्यभागाच्या ईशान्येस, वाहनांची अहोरात्र वर्दळ असलेल्या हमरस्त्याच्या काठाशी, सुमारे ६.८ हेक्टरांच्या आवारात दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत. एक शुभ्र ग्रॅनाइटची, बाहेरून जवळजवळ निर्विकार भासणारी. दुसरी काचेचा टोकदार घुमट माथ्यावर धारण करणारी. पहिली आगाखान संग्रहालय, दुसरी इस्माइली पंथीयांचे केंद्र व जमातखाना. इस्लामी कलेला वाहिलेली मोठी संग्रहालये कैरोत आहेत, दोहात आहेत. तरी याच संग्रहालयाचा परिचय मराठी वाचकास करून देण्याचे विशेष प्रयोजन आहे, कारण त्याच्या संस्थापकांच्या घराण्याचा इतिहास मुंबई-पुण्यातून गेलेला आहे.

इराणच्या शहाशी बेबनाव होऊन परागंदा झालेले इस्माइलींचे धर्मगुरू, पहिले आगाखान हसन अली शहा, १८४० नंतरच्या दशकात मुंबईस आले. त्यांच्या अनुयायी खोजा जमातीतील काही पुढाऱ्यांनी त्यांच्या अधिकारास हरकत घेतली, तेव्हा तो तंटा मुंबईच्या हायकोर्टापुढे गेला आणि १८६६ साली न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी आगाखानांच्या बाजूने निवाडा दिला. १८८१ मध्ये ते वारले. माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस, जेथे कस्तुरबांनी आणि महादेवभाईंनी देह ठेवला, तो याच घराण्याचा. आणि ज्या चौथ्या आगाखानांनी १९६९ साली तो वाडा राष्ट्राच्या स्वाधीन केला, त्यांनीच पुढे हे संग्रहालय स्थापिले. प्रथम त्यांनी लंडनमध्ये जागा पाहिली होती, परंतु तो बेत सिद्धीस गेला नाही. ईदी अमीनच्या हुकुमाने १९७२ साली युगांडातून देशोधडीस लागलेल्या हजारो इस्माइलींना ज्या कॅनडाने थारा दिला, त्या देशात अखेर ही वास्तू उभी राहिली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये खुली झाली.

जपानचे वास्तुशिल्पी फुमिहिको माकी यांनी प्रकाश हेच या इमारतीचे सूत्र मानले. सौर उत्तरेशी ४५ अंशांचा कोन साधून तिची बैठक घातली आहे, म्हणजे दिवसाच्या कोणत्या ना कोणत्या प्रहरी तिच्या प्रत्येक बाजूस ऊन लाभते. मध्ये उघडा चौक आहे, आणि त्याभोवतीच्या उंच काचभिंतींवर मशरबिया जाळीची नक्षी उमटविलेली असल्यामुळे ऊन कलू लागले की तिच्या छाया भोवतालच्या फरशीवर सरकत जातात. मात्र ज्या प्रकाशाचा हा एवढा सत्कार, तोच जुन्या कागदाचा आणि रंगांचा वैरी. म्हणून हस्तलिखितांपाशी तो मोजूनमापून सोडावा लागतो. समोरचे इस्माइली केंद्र चार्ल्स कोरिया यांचे. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातला आणि मुंबईत कर्तृत्व गाजविलेला हा पुरुष. पणजीची कला अकादमी आणि पुण्याची ‘आयुका’ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आकाशाला घरात बोलावण्याची त्यांची हातोटी नव्याने सांगावयास नको. दोन्ही इमारतींमधील उद्यान लेबनॉनच्या व्लादिमीर जुरोविच यांनी चारबागेच्या परंपरेवरून रचले असून त्यातील काळ्या ग्रॅनाइटच्या पाच कुंडांत दोन्ही वास्तूंची प्रतिबिंबे पडतात.

संग्रहात हजाराहून अधिक वस्तू आहेत. त्यांचा मोठा भाग चौथ्या आगाखानांचे काका, प्रिन्स सद्रुद्दीन, यांनी आयुष्यभर जमविलेला. परंतु माझ्या मते या साऱ्या ऐश्वर्याचा मुकुटमणी एक कागद आहे: इराणच्या शहा तहमास्पसाठी तबरीझ येथे सिद्ध झालेल्या, शाहनामा या फारसी महाकाव्याच्या पोथीतील, सुलतान मुहम्मद याने १५२२ ते १५२५ च्या सुमारास रंगविलेला ‘कयूमर्सचा दरबार’. जगाचा आद्य राजा कयूमर्स पर्वतशिखरावर बसला आहे. खाली बिबट्यांची कातडी पांघरलेले त्याचे लोक मंडलाकार जमले आहेत. हिंस्र पशू निर्वैर होऊन त्यांच्यात वावरत आहेत. आणि नीट न्याहाळले असता खडकांच्या कपारीकपारींतून मनुष्यांची व प्राण्यांची मुखे प्रकट होऊ लागतात. राजाची दृष्टी पुत्र सियामकाकडे लागली आहे, ज्याचा पुढे दैत्याच्या हातून वध व्हावयाचा आहे, आणि एवढ्या सुवर्णमय वैभवात त्या दृष्टीतला विषाद चित्रकाराने झाकलेला नाही. इस्लामी कलेत सजीवांच्या आकृतींना मज्जावच होता असा जो सरसकट समज आपल्याकडे रूढ आहे, तो या एका पानापुढे टिकत नाही.

या पोथीची पुढील हकिकत दुःखद आहे. १५६८ साली ती उस्मानी सुलतान दुसरा सलीम यास नजराणा म्हणून गेली. शतके लोटल्यावर पॅरिसमधील रॉथशिल्ड घराण्याकडे आली. १९५९ मध्ये अमेरिकेच्या आर्थर हॉटन यांनी ती विकत घेतली आणि अडीचशेहून अधिक चित्रांचा तो अखंड ग्रंथ सोडवून पाने वेगळी केली. काही पाने न्यूयॉर्कच्या संग्रहालयास मिळाली, काही लिलावात गेली, उरलेला भाग १९९४ साली डी कूनिंगच्या एका चित्राच्या बदल्यात तेहरानला परतला. ज्या ग्रंथाने राजांच्या मत्सराला आणि युद्धांना दाद दिली नाही, तो खरेदीविक्रीच्या व्यवहारात मोडला गेला, हा अपराधच होय.

इतरांपैकी तीन वस्तूंचा उल्लेख पुरे. निळीने रंगविलेल्या चर्मपत्रावर सोन्याच्या कूफी अक्षरांत लिहिलेले कुराणाचे पान. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथाच्या पाचव्या खंडाची १०५२ सालची, म्हणजे त्याच्या निधनानंतर अवघ्या पंधरा वर्षांची, प्रत. आणि चौदाव्या शतकातील स्पेनचे एक ग्रहवेधयंत्र, ज्यावर अरबी, लॅटिन आणि हिब्रू अशा तीन लिपी कोरल्या आहेत. तीन धर्मांचे विद्वान एकाच तबकडीवरून आकाश मोजीत होते, याचा याहून सबळ दस्तऐवज कोणता?

टोरांटोस जाण्याचा योग सर्वांनाच येईल असे नाही. परंतु अहमदनगरच्या निजामशाहीत हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर रचलेली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सोळाव्या शतकातील सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे; मंडळाने ती प्रसिद्धही केली आहे. दक्षिणी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या उपलब्ध कृतींत तिची गणना होते. मराठी वाचकांनी तिची ओळख करून घ्यावी.