स्की लिफ्टचे अभियंते व्हायचे, तर शाखा कोणती?

१९३६ साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यात सन व्हॅली हे हिवाळी क्रीडास्थान उभे राहत होते. घसरत खाली आलेल्या स्कीपटूंना पुन्हा डोंगरावर कसे न्यावे, हा प्रश्न युनियन पॅसिफिक रेल्वेच्या अभियंत्यांपुढे होता. त्यांच्यापैकी जिम करन यांना बंदरांवर केळीचे घड जहाजात चढवणारी यंत्रणा ठाऊक होती. त्या यंत्रणेत फिरत्या दोराला आकडे टांगलेले असत. करन यांनी आकड्यांच्या जागी खुर्च्या लावल्या आणि जगातील पहिली चेअरलिफ्ट साकारली.

करन हे मुळात रेल्वेचे अभियंते होते. आजही या व्यवसायात येणारे बहुतेक अभियंते यंत्र, विद्युत किंवा स्थापत्य या परिचित शाखांतूनच येतात. त्यामुळे बारावीनंतर या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने 'स्की लिफ्ट'च्या पदवीचा शोध घेण्यापेक्षा लिफ्टच्या कोणत्या भागाची जबाबदारी आपल्याला पेलायची आहे, हे आधी ठरवावे.

लिफ्टचा प्राण म्हणजे तिचा पोलादी दोर. आधुनिक लिफ्टमध्ये तो सेकंदाला पाच ते सहा मीटर वेगाने धावतो. या वेगात खुर्चीवर बसणे अशक्य असल्याने स्थानकात खुर्चीची पकड दोरापासून सुटते, खुर्चीचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटरपर्यंत उतरतो आणि प्रवासी बसल्यावर ती वेग घेऊन पुन्हा दोराला घट्ट धरते. ही पकड, तिच्या स्प्रिंगा, गिअरबॉक्स, ब्रेक आणि चाकांवरून सतत वाकून थकणारा दोर हा सारा यंत्र अभियांत्रिकीचा प्रांत आहे. जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठात तर पोलादी दोरांवर स्वतंत्र संशोधन चालते.

दोर पेलणारे मनोरे आणि त्यांचा पाया हे काम स्थापत्य अभियंत्याचे. वारा, बर्फाचा भार, हिमस्खलन आणि जमिनीचा स्वभाव यांचा हिशेब त्यालाच मांडावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, तेव्हा तेथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. यंत्रे धडधाकट असली, तरी जमिनीने साथ सोडल्यावर त्यांचा उपयोग उरत नाही.

मुख्य मोटर, तिचे वेगनियंत्रण, दोर चाकांवरून घसरताच लिफ्ट थांबवणारे स्विच आणि वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणे ही विद्युत अभियंत्याची जबाबदारी. लिफ्ट जितकी स्वयंचलित होत जाते, तितके या शाखेचे महत्त्व वाढते.

मात्र शाखा कोणतीही असो, एक धडा सर्वांनाच लागू आहे. २३ मे २०२१ रोजी इटलीतील मोत्तारोने डोंगरावर केबल कारचा ओढदोर तुटला. अशा वेळी डबा रोखून धरण्यासाठीच आपत्कालीन ब्रेक असतो. परंतु तो वारंवार विनाकारण लागत असल्याने पकडी बसवून निकामी करून ठेवला होता, असे तपासात उघड झाले. त्या दिवशी १४ जणांनी प्राण गमावले. एक पाच वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. सेवा बंद ठेवण्याचा अप्रिय निर्णय घ्यायला लागणारे धैर्य हीदेखील या व्यवसायाची पात्रता आहे.

म्हणूनच देखभालीच्या शिक्षणाला परदेशांत मानाचे स्थान आहे. ऑस्ट्रियात रोपवे तंत्रज्ञासाठी साडेतीन वर्षांची उमेदवारी असते. अमेरिकेत कोलोरॅडो माउंटन कॉलेज लिफ्टच्या देखभालीचे शिक्षण देते. हाताने काम करण्याची आवड असलेल्या पदविकाधारकांनाही या क्षेत्रात वाव आहे, तो यामुळेच.

भारतात स्कीइंगची ठिकाणे मोजकीच. गुलमर्गचा गोंडोला प्रवाशांना जवळजवळ ४ हजार मीटर उंचीवर नेतो, पण केवळ अशा ठिकाणांच्या भरवशावर आयुष्याची आखणी करणे धाडसाचे ठरेल. रोपवेचे क्षेत्र त्याहून विस्तृत आहे. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' योजना जाहीर झाली आणि मार्च २०२५ मध्ये सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. स्कीपटूंना नेणारे तंत्र आणि यात्रेकरूंना नेणारे तंत्र यांचे मूळ एकच आहे. रायगडाच्या रोपवेने वर गेलेल्या आपल्या वाचकांनी ते पाहिलेलेही असेल.

गोव्यातील विद्यार्थ्याला या तिन्ही शाखा फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात उपलब्ध आहेत. मन ठरत नसेल, तर यंत्र अभियांत्रिकी ही सर्वांत सुरक्षित निवड म्हणता येईल. रोपवेत संधी मिळाली नाही, तरी क्रेन, उद्वाहने आणि कारखाने यांची दारे खुली राहतात. अभ्यासक्रमात धातूंचा थकवा, कंपने आणि नियंत्रण प्रणाली हे विषय आवर्जून घ्यावेत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दोर किंवा ब्रेक यांवर करावा. डॉपेलमायर ही आघाडीची कंपनी ऑस्ट्रियातील असल्याने जर्मन भाषा शिकल्यास तिचा लाभ होईल. आणि प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : थंडीवाऱ्यात मनोऱ्यावर चढून प्रत्येक चाक तपासण्याची आपली तयारी आहे का?