उळ्याचा पावसाळा

कांद्याचं बी एप्रिलच्या सुमारास हाती येतं आणि रब्बीचं रोप टाकायचं असतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मध्ये सबंध पावसाळा. टोमॅटो-वांग्याचं बी नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं उगवतं. कांद्याचं बी घरात साधं ठेवलं तर वर्षभरातच थकतं. नाशिकरोडजवळच्या एकलहऱ्यापासून निफाड-पिंपळगावपर्यंत शेतकरी कांद्याच्या ज्या बियाला उळे म्हणतात, त्याची परीक्षा या ओल्या महिन्यांत होते.

बियाण्याचा कस मात्र त्याच्या बराच आधी ठरू लागतो. कांद्याला बी धरायला दोन हंगाम लागतात. पहिल्यात कांदा पोसतो, दुसऱ्यात त्याच कांद्यातून फुलांचे दांडे येतात. जाणता बीजोत्पादक चाळीतून एका रंगाचे, मध्यम आकाराचे, बारीक मानेचे कांदे निवडून काढतो; जोडकांदे बाजूला टाकतो. हे कष्ट टाळून शेतात अवेळी डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आलेल्या झाडांचंच बी धरणं फार महागात पडतं. अवेळी फुलण्याची ती खोड पुढच्या पिकात उतरते आणि कांदा पोसण्याऐवजी दांडेच वर येतात.

निवडलेले कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावले की पुढचं काम थंडीचं. दांडा निघण्यासाठी कांद्याला काही आठवडे साधारण १० अंशांच्या आसपासचा गारवा लागतो. हिवाळ्यात नीचांकी पाऱ्यासाठी निफाडचं कुंदेवाडी बातम्यांत येतं. बीजोत्पादकाला ती थंडी हवीच असते.

मग मधमाश्या. कांद्याच्या फुलात पराग आधी मोकळे होतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून आणून द्यावा लागतो. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं तर फुलांचे गोंडे भरतच नाहीत. याच माश्या शेजारच्या जातीचा परागही आणतात. त्यामुळे प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटपासून दुसरी जात किमान ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यापासून १००० मीटर दूर असावी, असा नियम आहे. लहान लहान वावरांच्या मुलखात हे अंतर राखणं सोपं नाही. शेजाऱ्यांनी आपसांत ठरवलं तरच ते जमतं.

गोंडे एकाच वेळी पिकत नाहीत. बोंडं उकलून काळं बी दिसू लागेल तसतसे ते तीन-चार तोडण्यांत कापावे लागतात. घाई केली तर बी हलकं राहतं, उशीर केला तर मातीत गळतं. त्यात २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झाली तशी गारपीट आली, तर दांडेच मोडतात. पिकता पिकता भिजलेलं बी उगवलं तरी फार दिवस टिकत नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या यानंतर, वाळवताना आणि साठवताना. प्रमाणित बियाण्यात साध्या पिशवीसाठी जास्तीत जास्त ८ टक्के आणि हवाबंद डब्यासाठी ६ टक्के ओलावा चालतो. हॅरिंग्टन या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा जगभर वापरला जातो: ओलावा १ टक्क्याने उतरला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, तापमान ५ अंशांनी उतरलं तरीही तसंच. कापडी पिशवीतलं वाळलेलं उळे श्रावणातल्या दमट हवेतून पुन्हा ओलावा ओढून घेतं. उलट, अर्धवट सुकलेलं बी घट्ट डब्यात कोंडलं तर ते आणखी लवकर मरतं, कारण आतली ओल बाहेर जायला वाटच उरत नाही. फ्रीजमध्ये कागदी पुडी ठेवूनही काम भागत नाही. तिथे गारवा असला तरी दमटपणाही असतो. आधी सावलीत पुरतं सुकवायचं, मग हवाबंद करायचं आणि त्यानंतर गार जागी ठेवायचं, हा क्रम मोडून चालत नाही.

विकत घेणाऱ्याने पाकिटावरची चाचणीची तारीख पाहावी. प्रमाणित बियाण्याची पहिली मुदत चाचणीपासून ९ महिन्यांची असते आणि कांद्याला किमान ७० टक्के उगवण सक्तीची आहे. शिवाय घरची चाचणी बिनखर्चाची: रोप टाकण्याच्या पंधरवडाभर आधी १०० बिया ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवायच्या आणि बाराव्या दिवशी धड कोंब मोजायचे. ८० निघाले तर नेहमीचं प्रमाण पुरेल. ६० निघाले तर वाफ्यावर बी वाढवावं लागेल. निम्म्याहून कमी निघाले तर ते उळे टाकूच नये. त्यातून उगवलेली रोपंही अशक्त असतात, आणि दुसरं बियाणं शोधायला अजून दोन-तीन दिवस हातात असतात.