दुखणं आधीच्या लढाईतलं

आळीपाळीने चाली खेळायच्या संगणकीय युद्धखेळाची नवी मोहीम चाचणीसाठी खेळाडूंच्या हाती दिली, की एक शेरा हमखास येतो: पाचवी लढाई फार अवघड आहे, शत्रूचं सैन्य कमी करा. या एका वाक्यात अनुभवही आहे आणि उपायही. मोहीम रचणाऱ्याने अनुभवावर पूर्ण विश्वास ठेवावा आणि उपाय मात्र तपासून घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं. कारण मोहिमेत त्रास जाणवतो एका लढाईत आणि त्याचं मूळ असतं भलतीकडेच.

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला आणि 2003 पासून सर्वांना मोफत मिळणारा खेळ घ्या. त्यातली मोहीम म्हणजे एकामागून एक येणाऱ्या लढायांची साखळी. जिंकल्यावर उरलेल्या सोन्याचा काही हिस्सा पुढच्या लढाईत सोबत येतो. रचणाऱ्याने वेगळं ठरवलं नसेल तर 80 टक्के. लवकर जिंकलं तर वाचलेल्या पाळ्यांचं बक्षीस वेगळं. शिवाय जिवंत राहिलेले शिपाई अनुभवाने वरच्या दर्जाला चढतात आणि पुढे त्यांना परत बोलवायला साधारणपणे 20 नाणीच पडतात. खेळातल्या एल्फ जमातीचा अगदी नवखा लढवय्या 14 नाण्यांना मिळतो, म्हणजे सहा नाणी जास्त मोजली की मुरलेला वीर हजर! त्याला पोसायचा खर्च पाळीगणिक जास्त असतो हे खरं, पण त्याने तफावत भरून निघत नाही. आता समजा, दुसऱ्या लढाईत एका नवशिक्याने माणसांचं सैन्य रात्री ओर्क या शत्रू जमातीवर नेलं. रात्री ओर्कांचा मारा 25 टक्क्यांनी वाढतो, माणसांचा तेवढाच घटतो. त्याचे चांगले शिपाई तिथेच पडले. तरीही तो कसाबसा जिंकला, आणि पाचव्या लढाईत अडकला. तिथला शत्रू कमी केला तर सहावीत तो पुन्हा अडकेल, आणि भरल्या तिजोरीने आलेल्या कुशल खेळाडूला पाचवी लुटुपुटूची वाटेल. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! म्हणून चाचणी करणाऱ्याकडून नुसतं मत घेऊ नये. कितव्या पाळीला जिंकलात, किती सोनं आणि किती जुने शिपाई घेऊन आलात, आणि नशीब रुसलं म्हणून साठवलेला डाव किती वेळा परत उघडलात, हे विचारावं. यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण डाव परत परत उघडणाऱ्याचं सैन्य एरवी कुणाकडेही नसतं.

मग आकडेच पाहू, मतं कशाला, असं कुणी म्हणेल. पण अन्याय झाल्याची भावना आकड्यांत उमटत नाही. खेळरचनाकार सिड मायर यांनी 2010 च्या ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’मधल्या भाषणात सांगितलं होतं, की ‘सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन’ या त्यांच्या खेळाच्या चाचणीत तिपटीने वरचढ असून हरलेले खेळाडू चिडत. गणिताने चारांत एक हार रास्तच होती. ‘फायर एम्ब्लेम’ या खेळमालिकेने 2002 पासून काही वर्षं यावर निराळाच तोडगा काढला: दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घ्यायची, त्यामुळे वार लागण्याची पडद्यावर दिसणारी 90 टक्के शक्यता प्रत्यक्षात 98 च्या वर जाई. वेस्नॉथ दाखवलेला आकडाच पाळतो, आणि मला तेच पटतं. खेळाडू त्या आकड्यावर विसंबून बेत आखतो. पण मग 70 टक्क्यांचे तीन वार सलग चुकण्याची 2.7 टक्के शक्यता शेकडो वारांच्या मोहिमेत प्रत्यक्षात येणारच, आणि तेवढ्याने मोहीम बुडणार नाही अशी रचना करणं हे रचणाऱ्याचं काम ठरतं.

अवघड-सोप्या पातळ्या असतात की, हा आणखी एक आक्षेप. पातळी बदलली की सगळा चढ वर किंवा खाली सरकतो. दोन खेळाडूंमधलं वाढत जाणारं अंतर तसंच राहतं. त्यातून, तिसऱ्या लढाईत कंटाळून सोडून गेलेला नवव्या लढाईबद्दल काही बोलत नाही. शेवटाबद्दलची मतं येतात ती टिकून राहिलेल्या तरबेजांची, म्हणून शेवट नेहमीच सोपा ठरतो, आणि त्यांच्या सांगण्यावरून तो आणखी कठीण केला जातो. स्वतः रचणाऱ्याला तर शत्रू कोणत्या झाडीतून येणार हेही पाठ असतं. एकदा खेळलेला चाचणीकारही पुन्हा कोरा होत नाही, तेव्हा सगळे नवखे पहिल्याच फेरीत वापरून टाकू नयेत. सुरुवातीच्या लढाया दुरुस्त झाल्यावर त्या खेळायला काही जण मागे राखावेत.